ठासणीच्या बंदुकीला कोणती दारू? पर्याय निवडण्यापूर्वी जाणून घ्यावे असे काही

बदलापूरच्या पश्चिमेकडील सोनिवली, त्यापलीकडे बारवी धरणाच्या परिसरातील गावे आणि तेथून तळकोकणापर्यंतचा भातशेतीचा पट्टा यांची एक तक्रार समान आहे. भात ओंबीवर आला की रात्री रानडुकरांचे कळप शेतात उतरतात आणि महिन्यांची मेहनत काही तासांत आडवी करतात. या पट्ट्यातील जुन्या घरांत पीकसंरक्षणाचे म्हणून एक साधन पिढ्यान् पिढ्या सांभाळले गेले, ते म्हणजे ठासणीची बंदूक. तिला आजही कायद्यात स्वतंत्र स्थान आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम १३ मध्ये, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद तिचे नाव घेऊन केलेली आहे.

ठाणे, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर येथे स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांचा या बंदुकीशी संबंध आता गावच्या घरापुरता आणि दसऱ्याच्या शस्त्रपूजेपुरता उरला आहे. तरीही परवाना आजोबांच्या नावावरून वडिलांच्या आणि वडिलांच्या नावावरून आपल्या नावावर येतो, तेव्हा एक प्रश्न हमखास पुढे येतो: या बंदुकीत कोणती दारू घालायची? परदेशात काळ्या दारूला जे पर्याय निघाले आहेत, ते आपल्या बंदुकीला चालतील का? उत्तर चुकले तर पहिला बळी बंदूक चालवणाऱ्याचा हात किंवा डोळा ठरतो. म्हणून एक सूत्र प्रथम सांगणे आवश्यक आहे. दारू कोणती, हे बंदूक ठरवते. चालवणाऱ्याची आवड, बाजारातील उपलब्धता किंवा शेजाऱ्याचा अनुभव हे ठरवू शकत नाहीत.

काळी दारू आणि तिचा स्वभाव

शोरा, कोळसा आणि गंधक यांच्या मिश्रणातून बनणारी काळी दारू ही शेकडो वर्षे जगातील एकमेव बंदुकीची दारू होती. तोड्याची बंदूक, गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी चकमकीची बंदूक आणि नंतरची टोपीची म्हणजे केपाची बंदूक, या तिन्ही तिच्याच स्वभावानुसार घडवल्या गेल्या. तिचे तीन गुणधर्म लक्षात घेतले की पुढचे सारे सोपे होते.

पहिला गुणधर्म म्हणजे ती चटकन पेटते. वाटीतील चिमूटभर रंजकावर पडलेली ठिणगीही तिला पुरते. दुसरा म्हणजे तिच्या जळण्याचा वेग नळीतील दाबाबरोबर फारसा वाढत नाही. दाब चढतो तो मर्यादेत राहतो आणि जुन्या, तुलनेने मऊ लोखंडाच्या नळ्या तो सोसू शकतात. तिसरा म्हणजे ती पूर्णपणे वायूत रूपांतरित होत नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन कणांच्या रूपात उरतो. बार उडाल्यावर दिसणारा पांढरा धूर आणि नळीत बसणारी काळी काजळी हे त्याचेच परिणाम होत. ही काजळी हवेतील ओलावा शोषते आणि लोखंडाला गंज चढवते.

दाण्यांच्या आकारालाही महत्त्व आहे. परदेशी डब्यांवर एफ या अक्षराने दाण्याची प्रत दाखवतात. एफ जितके अधिक, तितका दाणा बारीक आणि जळण्याचा वेग जास्त. रुंद नळीच्या बंदुकीला जाड दाणा, लहान नळीच्या रायफलीला व पिस्तुलाला बारीक दाणा आणि रंजकासाठी सर्वांत बारीक दाणा अशी ढोबळ विभागणी आहे. जाड दाण्यासाठी ठरलेल्या मापाने बारीक दाणा भरल्यास दाब वाढतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

पर्याय का निघाले?

काळ्या दारूला पर्याय शोधण्यामागे नेमबाजीपेक्षा साठवणुकीचे आणि वाहतुकीचे कारण मोठे होते. ठिणगीने सहज पेटणारा हा पदार्थ स्फोटक म्हणून वर्गीकृत आहे. दुकानदाराला तो ठेवण्यासाठी वेगळी व्यवस्था लागते, आणि वाहतूकदार तो न्यायला नाखूश असतात. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांनी शिकार करण्याचा छंद वाढला, तसा हा अडसर अधिक जाणवू लागला. डॅन पॉलाक यांनी तयार केलेली पायरोडेक्स ही पर्यायी दारू हॉजडन कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली. ती पेटण्यास अधिक उष्णता लागते, हा तिचा मुख्य फायदा. मात्र हे संशोधन किती जोखमीचे होते, हेही लवकरच दिसले. जानेवारी १९७७ मध्ये तिच्या कारखान्यात झालेल्या दुर्घटनेत स्वतः पॉलाक आणि त्यांचे तीन सहकारी मृत्युमुखी पडले. कमी संवेदनशील दारू म्हणजे निरुपद्रवी दारू नव्हे, हा धडा तेव्हापासून या विषयाला जोडलेला आहे.

१९८५ मध्ये टोनी नाइट यांची एमके-८५ ही नव्या धर्तीची ठासणीची रायफल आली. तिच्यात पेटवणारी टोपी दारूच्या थेट मागे, एका सरळ रेषेत असते. ठिणगीला वळसा घ्यावा लागत नसल्याने सहज न पेटणाऱ्या दारूही अशा बंदुकीत खात्रीने पेटतात. पर्यायी दारूंचा पुढील विस्तार याच बंदुकांमुळे झाला.

दुसऱ्या बाजूस, मूळ काळ्या दारूचा पुरवठाही डळमळीत राहिला. अमेरिकेतील गोएक्स या प्रसिद्ध काळ्या दारूचा लुईझियाना राज्यातील कारखाना २०२१ मध्ये बंद करण्यात आला. पुढच्या वर्षी एस्टेस या कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला, तेव्हा उत्पादनाची आशा पुन्हा निर्माण झाली.

तीन प्रमुख पर्याय

पायरोडेक्स : हिच्यात शोरा, कोळसा आणि गंधक यांच्या जोडीला पोटॅशियम परक्लोरेट व अन्य घटक असतात. ती काळ्या दारूपेक्षा हलकी असून, तिचे माप आकारमानाने घ्यायचे असते, वजनाने नव्हे. काळ्या दारूसाठी वापरायचे मापटे तेवढेच भरले की काम होते. मात्र काळ्या दारूइतकेच वजन तराजूवर तोलून भरल्यास बार गरजेपेक्षा जास्त होतो. परक्लोरेटमुळे जळल्यानंतर मिठाच्या जातीचा क्षार उरतो आणि गंजाचा धोका काळ्या दारूपेक्षा कमी होत नाही. टोपीच्या बंदुकीत ती सहसा चालते. चकमकीच्या बंदुकीत नुसत्या ठिणगीने ती भरवशाने पेटत नाही.

ट्रिपल सेव्हन : या शतकाच्या आरंभी आलेली ही हॉजडनचीच दारू गंधकविरहित आहे. त्यामुळे सडक्या अंड्यासारखा वास येत नाही आणि नळी साध्या पाण्याने स्वच्छ होते. परंतु ती अधिक जोरकस आहे. काळ्या दारूइतकाच वेग हवा असेल, तर माप सुमारे १५ टक्क्यांनी कमी करावे लागते. जुन्या मापट्याने डोळे झाकून भरण्याची सवय येथे घातक ठरू शकते.

ब्लॅकहॉर्न २०९ : २००८ मध्ये आलेली ही दारू २०२० पासून हॉजडनच्याच छत्राखाली आहे. तिचा पाया नायट्रोसेल्युलोजचा असल्याने काजळी अत्यल्प होते आणि ओलाव्याचा त्रासही कमी होतो. मात्र तिला शॉटगनच्या काडतुसात वापरली जाणारी २०९ क्रमांकाची जोरदार टोपी आवश्यक असते. साध्या केपावर ती नीट पेटत नाही आणि गारगोटीच्या ठिणगीवर तर मुळीच नाही. थोडक्यात, आपल्याकडील पारंपरिक बंदुकांसाठी ती नाहीच.

यांपैकी काही दारू सैल दाण्यांबरोबरच तयार वड्यांच्या रूपातही मिळतात. वडीमुळे मोजण्याचा त्रास वाचतो. पण वडी ठरावीक रुंदीच्या नळीसाठी आणि सरळ रेषेत पेटणाऱ्या नव्या बंदुकांसाठी घडवलेली असते. जुन्या बंदुकीत वडी कुटून किंवा अर्धी करून भरणे हा मूर्खपणा होय.

बंदूक पाहून निवड

आता आपल्या बंदुकीकडे वळू. ती चकमकीची किंवा तोड्याची असल्यास उत्तर एकच आहे: काळी दारू. रंजकासाठी तर तिला पर्यायच नाही. ती टोपीची असून नळी सुस्थितीत असल्यास, काळी दारू ही पहिली पसंती आणि निर्मात्याच्या लेखी सूचनांनुसार वापरलेली पायरोडेक्ससारखी दारू ही दुसरी. ती सरळ रेषेत पेटणारी नवी परदेशी रायफल असल्यास, तिच्या पुस्तिकेत जी दारू आणि जे कमाल माप दिले असेल तेवढेच.

कोकणातील बहुतेक जुन्या बंदुका टोपीच्या, गुळगुळीत नळीच्या आणि स्थानिक कारागिरांनी दुरुस्त केलेल्या असतात. त्यांच्यासोबत कोणतीही पुस्तिका नसते, आणि कित्येकींच्या नळ्या आतून गंजाने खाल्लेल्या असतात. अशा बंदुकीसाठी दारू निवडण्यापूर्वी परवानाधारक बंदूक-दुरुस्तीकाराकडून नळी, तिचे मागचे बूच आणि टोपी बसते ती निपल यांची तपासणी करून घेणे हे पहिले काम आहे. तपासणीत नळी कमकुवत ठरली, तर तिच्यासाठी योग्य दारू जगात कोठेही बनत नाही. त्या बंदुकीची जागा भिंतीवर.

जे कधीही भरू नये

सर्वांत मोठा धोका बिनधुराच्या दारूचा आहे. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्येय यांनी ती शोधली आणि पुढे काडतुसाच्या साऱ्या बंदुका तिच्यावर आल्या. तिचा जळण्याचा वेग दाबाबरोबर झपाट्याने वाढतो. वेग वाढला की दाब आणखी चढतो आणि दाब चढला की वेग. आधुनिक बंदुकीची पोलादी नळी आणि पितळी काडतूस हे चक्र सोसतात. सोनिवलीपासून जवळच असलेला अंबरनाथचा आयुधनिर्माणी कारखाना काडतुसांसाठी लागणारे पितळी साहित्य घडवण्यासाठी ओळखला जातो. ते पितळ बार उडताना क्षणभर फुगून नळीचा मागचा भाग घट्ट बंद करते आणि वायूला मागे येऊ देत नाही. ठासणीच्या बंदुकीत हे पितळ नसतेच. तिच्या मागे फक्त आट्यांचे बूच आणि कानाचे छिद्र असते. शॉटगनचे काडतूस फोडून त्यातील दारू ठासणीच्या नळीत भरणे म्हणजे नळीचा बॉम्ब करणे होय. माप कमी घेतले तरी हा धोका टळत नाही.

दुसरा धोका फटाक्यांच्या दारूचा. मोठ्या आवाजाच्या फटाक्यातील मिश्रण ढकलण्यासाठी नसून फुटण्यासाठी असते आणि ते क्षणार्धात पेट घेते. तिसरा धोका घरी बनवलेल्या दारूचा. तिची प्रत प्रत्येक खेपेस वेगळी असते आणि बनवतानाच अपघात होतात. शिवाय तो गुन्हा आहे. १८८४ च्या भारतीय स्फोटक अधिनियमातील स्फोटकांच्या व्याख्येत गनपावडरचे नाव पहिले आहे. तिच्या निर्मितीला परवाना लागतो, आणि या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

दोन वेगळ्या दारू एकत्र मिसळणे, लेबल नसलेल्या डब्यातील भुकटी वापरणे आणि बार भरला आहे की नाही याची खात्री न करता दुसरा बार ठासणे, हेही याच यादीत येते. गज नळीत सोडून रिकाम्या आणि भरलेल्या नळीच्या खुणा त्यावर करून ठेवण्याची जुनी पद्धत दुहेरी बार टाळण्यासाठीच आहे. गोळी दारूवर घट्ट टेकली आहे का, हेही त्याच खुणेवरून कळते. मध्ये पोकळी राहिली तर योग्य दारूनेही नळी फुगते किंवा फुटते.

आपल्याकडे मिळते काय?

वर वर्णिलेल्या पर्यायी दारू अमेरिकेत तयार होतात. कायद्याच्या दृष्टीने बंदुकीचा बार आणि त्याचे साहित्य हे दारूगोळ्यातच मोडते आणि त्याची आयात परवान्याविना करता येत नाही. परदेशस्थ नातेवाइकाला एखादा डबा घेऊन ये असे सांगणे तर टाळलेच पाहिजे. काळी दारू, तिचे पर्याय आणि केप यांपैकी काहीही अमेरिकेतून विमानाने प्रवासी सामानात नेता येत नाही. हातातल्या पिशवीतही नाही आणि विमानाच्या पोटातल्या बॅगेतही नाही. म्हणून सामान्य परवानाधारकासमोरचा व्यवहार्य मार्ग सरळ आहे. परवानाधारक विक्रेत्याकडून, परवान्यावर नोंदलेल्या मर्यादेत, मूळ वेष्टनातील काळी दारू आणि केप घ्यावेत, पावती जपावी आणि खरेदीची नोंद करून घ्यावी.

परवान्यासंबंधी काही बाबी येथेच सांगाव्यात. सोनिवली-बदलापूर परिसर ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो, त्यामुळे येथील रहिवाशांच्या शस्त्रपरवान्याचे काम आयुक्तालयातून चालते. आयुक्तालयाबाहेरील ग्रामीण भागात हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हादंडाधिकारी या नात्याने, असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका बाळगता येतात आणि परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली आहे. परवानाधारकाचे निधन झाल्यास बंदूक माळ्यावर ठेवून विसरून जाणे हा वारसांसाठी धोका आहे. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि मग वारसाच्या नावे अर्ज करावा. बंदूक जुनी आहे म्हणून परवाना लागत नाही, हा समजही चुकीचा आहे. कायद्यातील सूट, दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशाच जुन्या शस्त्राला आहे. गज, टोपी आणि दारू मिळाली की उडणारी बंदूक त्या सवलतीत बसत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बंदुकीचा परवाना हा रानडुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार, उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याविरुद्ध कारवाई करायची झाल्यास कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती नसताना झाडलेला बार शेतकऱ्यालाच आरोपी करतो. नुकसानीचा पंचनामा आणि वनखात्याकडे भरपाईचा अर्ज हा मार्ग संथ वाटला, तरी तो आधी चोखाळावा.

साठवण आणि सफाई

कोकणाच्या दमट हवेत दारू कशी सांभाळावी, याचा विचार आपल्याकडे जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याविषयी स्पष्ट सूचना आहेत. दारूखाना घराजवळ नसावा, त्याला सर्दी लागू देऊ नये आणि दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिची देखभाल करावी, असा त्यांचा आशय आहे. गडाचे प्रमाण वेगळे, पण तत्त्व तेच. आजच्या घरात दारू मूळ डब्यात, कुलूपबंद, चूल, देवघरातील समई आणि विजेच्या बटणांपासून दूर ठेवावी. केप तिच्याजवळ ठेवू नयेत. ओली झालेली दारू उन्हात किंवा चुलीपाशी वाळवण्याचा प्रयत्न मात्र आज कोणी करू नये. ती विक्रेत्याच्या किंवा पोलिसांच्या सल्ल्याने निकालात काढावी. सदनिकेत दारू ठेवणे हा तर शेजारच्या कुटुंबांशीही संबंधित प्रश्न आहे.

भरताना दारू डब्यातून थेट नळीत ओतू नये. आधीच्या बाराची ठिणगी आत धुमसत असेल, तर हातातला सारा डबा पेटतो. वेगळ्या छोट्या मापट्यातूनच ती सोडावी आणि चेहरा नळीच्या तोंडावर आणू नये. बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान मिनिटभर तसेच थांबावे. उशिरा पेट घेणारा बार ठासणीच्या बंदुकीत नवीन नाही.

वापरानंतर त्याच दिवशी नळी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून तेलाचा हात द्यावा. पावसाळ्यात एक रात्र केलेला आळसही नळीत गंजाचे खड्डे पाडतो. दारू काळी असो वा पर्यायी, हा नियम सारखाच. कमी काजळीची जाहिरात वाचून सफाई टाळणाऱ्यांच्याच बंदुका आधी निकामी होतात.

थोडक्यात

नवी दारू घेण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. माझी बंदूक पेटते कशाने, ठिणगीने, केपाने की २०९ टोपीने? तिची नळी जाणकाराने अलीकडे तपासली आहे का? ही दारू ठासणीच्या बंदुकीसाठीच बनवलेली आहे आणि तिचे माप आकारमानाने घ्यायचे की वजनाने, हे डब्यावर लिहिले आहे का? आणि ती माझ्या परवान्यात बसते का? यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी किंवा संदिग्ध असेल, तर नळी रिकामी ठेवावी. भाताचे नुकसान पुढच्या हंगामात भरून निघते. फुटलेल्या नळीने नेलेली बोटे परत येत नाहीत.